‘आय सेव्हन’ हे नुसतं आडनाव झालं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या संगणकाबद्दल लेख आला. खरेदीचा सल्ला त्यात चौकटीत दिला होता: आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी जागा आणि जमलं तर ग्राफिक्स कार्ड. एवढं बघून घेतलं की निर्धास्त, असा एकूण सूर. तीन वर्षांपूर्वी मी नेमका हाच हिशोब करून संगणक घेतला होता. त्यातून काय काय झालं ते सांगायला हे पत्र. थोडं लांबेल. कापायचंच असेल तर ग्राफिक्स कार्डाचा भाग कापा, एसएमपीएसचा (म्हणजे भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना पुरवणारा डबा) मात्र राहू द्या.

मी घरून डीटीपी करते. पुस्तकांची पानं लावते, यंदा सव्विसावं वर्ष. आधीचं मशीन अचानक गेलं तेव्हा हातातलं काम अडू नये म्हणून एक वापरलेलं मशीन घेतलं. विकणाऱ्यानं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आय सेव्हन होता, १६ जीबी होती, १ टीबीही होती. तरी २४० पानांचं पुस्तक उघडायला लावलं की ते उघडेपर्यंत माझं प्रूफाचं एक पान वाचून व्हायचं.

माझा भाचा या विषयातला आहे. त्यानं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “मावशी, पूर्ण नाव काय त्याचं?” मी म्हटलं, सांगितलं ना, आय सेव्हन. “ते आडनाव झालं. पुढचा आकडा वाच.” आकडा निघाला २६००. शेवटचे तीन अंक झाकले की उरतो तो पिढीचा आकडा. म्हणजे दुसरी पिढी, साल २०११. पंचाहत्तरीचे आजोबा आणि पंचविशीतला नातू एकाच आडनावाचे असतात. सामान उचलायला कोणाला हाक मारायची हे आडनावावरून कसं ठरणार?

याच्या शेजारी जानेवारी २०२२ मध्ये आलेला आय थ्री-१२१०० ठेवून बघा. कोअर (प्रोसेसरचे काम करणारे हात) दोघांनाही चारच, थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामं) आठच. गिगाहर्ट्‌झचा मूळ आकडा तर आजोबांचाच किंचित मोठा, ३.४ विरुद्ध ३.३. तरीही काम आय थ्री कितीतरी लवकर उरकतो. गिगाहर्ट्‌झवरून कळतं ते सेकंदाला किती ठोके पडतात एवढंच, ३.४ म्हणजे ३४० कोटी. एका ठोक्यात किती काम निपटतं ते आतल्या रचनेवर अवलंबून, आणि मधल्या अकरा वर्षांत ती रचना पार बदलली. ‘थ्री’पेक्षा ‘सेव्हन’ मोठा, हा हिशोब एका पिढीच्या आत ठीक आहे. पिढी बदलली की तो कोलमडतो.

पण गंमत अशी की माझं दुखणं मुळात प्रोसेसरचं नव्हतंच. भाच्यानं मला टास्क मॅनेजर उघडायला लावला (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायचं) आणि म्हणाला, आता ते पुस्तक उघड आणि आकडे वाच. प्रोसेसर १२ टक्के. रॅम निम्मी मोकळी. डिस्क १०० टक्के. माझी १ टीबी म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क होती. ती मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एक फेरा साधारण ८ मिलिसेकंदांचा. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय सुई जागेवर सरकायला लागणारा वेळ निराळा. एकच मोठी फाईल सलग वाचायची तर हे जाणवत नाही. पण एका पुस्तकाच्या फाईलीला शेकडो चित्रं आणि डझनभर फॉन्ट जोडलेले असतात. प्रत्येक तुकड्यासाठी नव्यानं धाव. ३४० कोटी ठोके मारणारा प्रोसेसर तोवर हात बांधून उभा.

एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तेवढी एक वस्तू बदलली, बाकी सगळं जसंच्या तसं. पुस्तक उघडेपर्यंत प्रूफ वाचायला वेळ मिळेनासा झाला. म्हणून मला वाटतं, कुठल्याही खरेदी-सल्ल्याची सुरुवात ‘काय घ्यावं’ इथून न होता ‘आत्ता कुठे तुंबलंय’ इथून व्हावी.

त्या मशीननं पुढे बरी साथ दिली. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सेवा थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीपासून पुढचा. माझा दुसरीतला. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमधल्या फायली उघडायला मी तो ठेवला आहे, इंटरनेटची तार काढून. आणि नवा संगणक घेताना एकेक भाग स्वतः निवडायचा ठरवलं.

पहिल्याच भागाला ठेच लागली असती. आय फाइव्ह-१२४०० पसंत केला होता, पिढी वगैरे सगळं तपासून. यादी भाच्याला वाचून दाखवली. “शेवटी एफ आहे का?” होता. एफ म्हणजे त्या प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावलं नाही तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. एका अक्षराचा खेळ. प्रूफ वाचण्यात हयात गेलेल्या बाईच्या नजरेतून ते सुटलं, याचं मला अजून हसू येतं.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात. पानं लावणं, पत्रं लिहिणं, हिशोब, फोटो थोडेफार सुधारणं यांना प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स पुरतं. खेळ, व्हिडिओचं संकलन, त्रिमितीय चित्रं असं काही करणाऱ्यानं कार्ड घ्यावं, आणि घेतलं तर मॉनिटरची केबल त्या कार्डाला लावावी. ती मदरबोर्डलाच (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाला) लावून कार्ड चालत नाही म्हणून कुरकुरणारे पुष्कळ.

शेवटी प्रोसेसर घेतला एएमडी कंपनीचा रायझेन ५ ७६००. सहा कोअर, बारा थ्रेड, जुजबी ग्राफिक्स आत. कारण सॉकेटचं, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचं. १२४०० ज्या एलजीए १७०० सॉकेटात बसतो ते चौदाव्या पिढीपाशी संपलं. त्यानंतरच्या इंटेल प्रोसेसरांना एलजीए १८५१ लागतं, म्हणजे मदरबोर्डही नवा. माझा प्रोसेसर बसतो त्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत तरी साथ देऊ, असं एएमडीनं जाहीर केलं आहे. चारपाच वर्षांनी प्रोसेसर तेवढा काढून दुसरा बसवता यावा, एवढीच माझी अपेक्षा. एएम५ मध्ये रॅम मात्र डीडीआर५ च चालते, म्हणजे डीडीआर४ च्या पुढच्या पिढीची. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीच्या पट्टीला पिना २८८ च, पण खाच निराळ्या जागी, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. ज्यानं ही खाच हलवली त्याचे आभार.

रॅम १६ च्या दोन पट्ट्या घेतल्या, ३२ ची एक नाही. दोन पट्ट्यांशी प्रोसेसर दोन वाटांनी एकदम बोलतो. चार स्लॉट असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लावायच्या, शेजारीशेजारी नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत तसं चित्र असतं. ती पुस्तिका वाचणारी त्या दिवशी मी एकटीच होते. भाचा पाठ म्हणत होता.

जोडणी मीच केली, तो फोनवर. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला. खटका खाली दाबताना इतका जोर लागला की मी दोनदा थांबले. कूलरच्या तळाला थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आधीच लावलेली होती. सगळं झालं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. काहीतरी जाळलं, अशी माझी खात्रीच झाली आणि हात बटणाकडे गेला. “मावशी, हात लावू नकोस!” डीडीआर५ चं मशीन पहिल्यांदा चालू होताना मदरबोर्ड रॅमशी सूर जुळवत बसतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात, आणि त्यात वीज तोडायची नसते. ही गोष्ट खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी. काही वेळानं पडदा उजळला.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलंय आणि मशीन दाखवतंय ४८००. लिहिलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन ‘एक्स्पो’ चालू करावं लागतं. इंटेलच्या बाजूला त्यालाच एक्सएमपी म्हणतात. किती घरांतली रॅम वर्षानुवर्षं कमी वेगानं चालत असेल, कोण जाणे.

निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात याचं मला फार अप्रूप वाटलं. याला कारण १९८१ चा आयबीएम पीसी. आयबीएमनं तो बाजारात मिळणाऱ्या भागांतून जोडला आणि तांत्रिक माहिती उघड ठेवली, म्हणून इतरांना त्याच्याशी जुळणाऱ्या वस्तू करता आल्या. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हे माप आणलं: ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी. माझा बोर्ड त्यातला धाकटा, २४४ बाय २४४. आमच्या धंद्यात ए-फोर कागदाचं जे स्थान, तेच इथे एटीएक्सचं.

आता एसएमपीएस. आपल्या लेखात हा शब्दच नाही. जाहिरातींतही नसतो, कॅबिनेटबरोबर ‘आतच आहे’ म्हणून येतो. जुन्या मशीनमधला मी काढून पाहिला. डब्यावर ठसठशीत ४५०. खाली बारीक तक्ता, पाच पॉइंटात असावा. आमच्याकडे वाचू नये असं वाटणारा मजकूरच त्या मापात लावतात. तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक या १२ व्होल्टवर भागते. बाकीची बेरीज ५ आणि ३.३ व्होल्टची, ज्यांच्यावर आजच्या संगणकात फारसा भार नसतो. आणि भूकही लेबलाएवढीच नसते: माझ्या प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलंय, जोर लावला की तो ८८ पर्यंत घेतो.

‘८० प्लस’ ही खूण असली की एसएमपीएस चांगला, असं सर्रास सांगतात. खूण आहे ती कार्यक्षमतेची. ८० टक्के म्हणजे संगणकाला २०० वॉट द्यायला भिंतीतून २५० घेतो, वरच्या ५० ची उष्णता होते. तो किती वर्षं टिकेल, शॉर्ट झाल्यावर स्वतःला बंद करून बाकीचे भाग वाचवेल का, हे ती खूण सांगत नाही. ते वेगळं विचारावं लागतं. आणि सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर जुन्या डब्याची केबल नव्याला कधीच लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठली तार कुठे, याचं प्रमाण ठरलेलं नाही. केबल छान बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन डिस्क जळते. खाच हलवणाऱ्याला इथेही बोलवायला हवं होतं.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरासकट द्या, रॅमचा प्रकार आणि पट्ट्या किती ते द्या, १ टीबीपुढे एसएसडी की हार्ड डिस्क ते लिहा आणि एसएमपीएसला १२ व्होल्टच्या अँपिअरसह एक ओळ द्या. जागेची अडचण सांगाल म्हणून तुमचीच चौकट मी अशी भरून पुन्हा लावून पाहिली. आठ पॉइंटात, दोन कॉलमांत बसते, वर तीन ओळी उरतात.

आपली,
एक डीटीपी करणारी वाचक
(नाव छापू नये, ही विनंती.)