मॉरिशसहून पत्र

माएबूर, मॉरिशस
२८ मार्च

प्रिय मंजू,

पोचल्या पोचल्या लिहीन म्हणाले होते आणि आज बारावा दिवस. रागावू नकोस. आज दुपारपासून पाऊस कोसळतोय, हे झोपलेत, आणि मी व्हरांड्यात बसून तुझ्याशी बोलायला घेतलंय.

इथला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आम्ही त्याची शेपूट धरलीय. आपल्याकडे आंब्याची वाट बघायचे दिवस, तर इथे घरंच्या घरं पिशव्या घेऊन डोंगरात बारके लाल पेरू काढायला जातात. तिखटमीठ लावून खायचे. पहिला तोंडात टाकला आणि शाळेच्या फाटकाजवळची आवळेवाली आठवली.

सुरुवातीचे पाच दिवस पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला होतो. लांबच लांब पांढरी वाळू आणि मागे सुरूचं बन. हो, आपलेच सुरू! इथे त्यांना फिलाओ म्हणतात. त्यातून वारा घुमायला लागला तशी मी डोळे मिटले आणि थेट गुहागरला पोचले. पण काहीतरी चुकत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की लाटच वाजत नाहीये. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची कड आहे. लाटा तिथेच, लांबवर फुटतात. त्यांची नुसती पांढरी रेघ दिसते. आतलं पाणी तळ्यासारखं निवांत. पोहायला स्वर्ग आहे गं, पण आपण रात्री गाज ऐकत झोपलेल्या मुली. मला पहिल्या दोन रात्री झोप आली नाही.

तिथेच वाळूच्या कडेला एक मावशी गाडीवर दालपुरी विकायच्या. पुरणपोळीसारखीच, पण पुरण तिखटामिठाचं, चण्याच्या डाळीचं. पापुद्र्याएवढी पातळ. मागायची ती जोडीनेच. त्या दोन पुऱ्या एकावर एक ठेवत, डावभर वालाची उसळ, टोमॅटोचा रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा घालत आणि कागदात अशी गुंडाळी करून देत की थेंब सांडायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी हिंदीत विचारलं, कुठल्या? मी म्हटलं महाराष्ट्र, कोकण. मंजू, त्यांचा हात डावेवरच थांबला. म्हणाल्या, "आमी मराठी."

त्यांच्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून आलेले. गाव कुठलं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. त्या राहतात कास्कावेलला, तिथे मराठी घरं पुष्कळ आहेत. बोलणं सगळं क्रिओल या इथल्या भाषेत, पण गणपतीची आरती तोंडपाठ. गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते. आणि गणपतीत म्हणे "झाकरी" नाचतात. मी दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी गाडीमागे उभं राहून पाय धरून दाखवला. जाखडी गं! तुझे मामा घुंगरू बांधून धरायचे तोच ठेका. त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि मला अर्थ विचारला. शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून इतके झिजलेत की मला "यशोदे" एवढंच कळलं. त्या वाट बघत राहिल्या आणि मला काही सांगता आलं नाही.

पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर गेलो ते त्यांच्यामुळेच. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला आपल्या देशातून साडेचार लाखांवर माणसं इथे आणली गेली. बोटीतून उतरून चढायच्या त्या सोळा पायऱ्या अजून आहेत, काळ्या दगडाच्या. साध्याच आहेत. मी चढले आणि वर जाऊन बसून राहिले.

आता माएबूरला आहोत. हे गाव मला सगळ्यांत आवडलं. उतरत्या पत्र्यांची जुनी घरं, सोमवारचा बाजार, संध्याकाळी खाडीसारख्या शांत पाण्यात परतणाऱ्या होड्या. जवळच ब्लू बे. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघितले, पण त्या होडीवाल्याचं बोलणं जास्त लक्षात राहिलं. २०२० च्या जुलैत इथेच वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये ते चिरलं आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात आलं. गावकरी कुणाची वाट बघत बसले नाहीत. उसाचं पाचट आणलं, कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यात कोंबलं, रिकाम्या बाटल्या बांधून त्या तरंगत्या केल्या आणि ते बांध पाण्यात सोडले. लोकांनी केस कापून दिले, तेल धरून ठेवतात म्हणून. तो म्हणाला, कोपरापर्यंतचा काळा रंग आठवडाभर निघाला नाही. हे सांगताना तो आपल्या हातांकडेच बघत होता.

ले मोर्नचा डोंगर, उत्तरेकडचं लाल छपराचं चर्च, हे सगळं भेटल्यावर फोटोत दाखवीन.

पण काल ग्रिस-ग्रिसला गेलो ते आत्ताच सांगते. दक्षिणेचं टोक, सुयाक गावाच्या पुढे. तिथे प्रवाळाची कड तुटलीय आणि समुद्र सरळ कड्यावर येऊन आदळतो. गाडीचं दार उघडलं आणि ती गाज! पोटात घुमणारी, आपल्या आषाढातली. पाण्यात उतरायची सोय नाही तिथे, मी नुसती तासभर कड्यावर बसले. सारखं मनात येत होतं, त्या मावशींची ती पहिली पणजी, उसाच्या मळ्यातून तिला कधी इथवर येता आलं असेल का? हा आवाज पुन्हा तिच्या कानी पडला असेल का?

हे उठले, चहा मागतायत. एक काम कर. काकूंच्या माहेरी जाखडीच्या गाण्यांच्या वह्या होत्या, त्या अजून असतील तर बघ. यशोदेची गवळण असलेली पानं मोठ्या, सुट्या अक्षरात उतरवून दे. मावशींच्या नातीला शाळेत मराठी आहे, ती वाचून दाखवेल. पत्ता मी आणलाय.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
सुधा