मागे डिस्क बसवली, पण हँडब्रेकचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अक्कलकोट रोडलगत गेली 26 वर्षे माझे छोटे गॅरेज आहे. जिप्सी, जुन्या जीपा, थार अशा फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या गाड्यांचे काम जास्त येते. अलीकडे एक मागणी सारखी येऊ लागली आहे : मागचे ड्रम ब्रेक काढा आणि डिस्क ब्रेक बसवून द्या. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बंद डबा, त्याला आतून शू दाबून गाडी थांबते; डिस्क म्हणजे उघडी चकती, तिला कॅलिपर चिमट्यासारखा दोन्ही बाजूंनी आवळतो. असे काम मी तीन गाड्यांवर केले. त्यातून जे घडले ते लोकांपर्यंत जावे, म्हणून हे पत्र.

मागणी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्याकडची काळी माती ज्याने ड्रममधून काढली आहे त्यालाच ते दुखणे कळेल. ओढा ओलांडला की पाण्याबरोबर गाळ ड्रमच्या आत शिरतो आणि बाहेर यायचे नाव घेत नाही. ओला असताना तो शूला घसरवतो. वाळला की शू आणि बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) मध्ये असा घट्ट बसतो की मला स्क्रू ड्रायव्हर ठोकून खरवडावा लागतो. महिन्यापूर्वी टाकलेल्या लायनरवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या अस्तरावर, बोट फिरवले तर खाचा लागतात. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने उतरताना ड्रम तापतो, तापला की फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क उघडी असते, वाऱ्याने निवते, अंगावरचे पाणी पहिल्या दोन दाबांतच पुसून टाकते. चिखलात फिरणाऱ्याला ती हवीशी वाटणारच.

नान्नजकडचे एक द्राक्ष बागायतदार त्यांची जिप्सी घेऊन आले. जिप्सीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. मी मागचे एक्सल ओढून काढले, बॅकप्लेट बाजूला ठेवल्या आणि जाड प्लेटमधून लेथवर ब्रॅकेट करून घेतले. दुसऱ्या एका गाडीच्या पुढच्या चाकांचे कॅलिपर आणि डिस्क त्यावर बसवल्या. एका बाजूचा कॅलिपर असा बसला की ब्रेक ऑइलमधली हवा काढायची निपल खाली आली. हवा वरच अडकून राहायची. दोन बाटल्या ब्रेक ऑइल संपले तरी पेडल स्पंजासारखेच. शेवटी कॅलिपर उलटवून निपल वर घेतली तेव्हा पेडल टणक झाले. होटगी रोडला ट्रायल घेतली, गाडी जागच्या जागी थांबली. बागायतदार खूश झाले.

"मालक, आता हँडब्रेक राहिला नाही बरं का," मी म्हणालो.

"गिअरमध्ये लावतो की, मिस्त्री. चाकाला दगड लावतो."

मी चावी त्यांच्या हातात दिली. तिथे मी चुकलो.

जिप्सीचा हँडब्रेक केबलने मागच्या ड्रममधले शू ओढतो. ड्रम गेले की केबलला धरायला काही उरत नाही, कारण पुढच्या चाकांच्या साध्या कॅलिपरला हँडब्रेकची आरी, म्हणजे केबल जोडायचा छोटा दांडा, नसतेच. राहिला गिअर. पण फोर-बाय-फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते, म्हणजे ताकद दोन चाकांना द्यायची की चारही, ते ठरवणारी दुसरी गिअरपेटी. तिचा दांडा टू-एच (दोन चाके), फोर-एच (चार चाके), न्यूट्रल, फोर-एल (चार चाके, लो-गिअर) असा फिरतो. तो न्यूट्रलला राहिला तर गिअर कुठलाही टाका, इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटलेला असतो. साध्या मोटारीत गिअरवर गाडी लावण्याची सवय असलेल्या माणसाच्या हे लक्षातच येत नाही.

एप्रिलमध्ये तेच झाले. लो-गिअर घालून जिप्सी विहिरीजवळच्या चढावर नेली होती. लो-गिअर काढताना दांडा मध्येच न्यूट्रलला राहिला. मालकांनी पहिला गिअर टाकला, चावी काढली, उतरले. दगड शोधायला चार पावले गेले तेवढ्यात गाडी मागे सरकू लागली. वीस-पंचवीस पावले घसरत जाऊन ठिबकच्या फिल्टरच्या खोलीवर आदळली आणि विटांची भिंत बसली. त्या भिंतीच्या सावलीला भाकरी खात बसलेली मजूर बाई नुकतीच पाणी प्यायला उठून गेली होती. तिचा डबा विटांखाली सापडला.

मालकांचा फोन आला, ते चिडले नव्हते. "मिस्त्री, माणूस वाचलं," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी गाडी ओढून आणली. नवे शू, व्हील सिलिंडरचे किट, नवी केबल टाकून ड्रम परत बसवले आणि घेतलेली सगळी मजुरी परत केली. भिंतीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

डिस्क बसवायचीच तर हँडब्रेकची सोय असलेली बसवावी लागते. एक तर कॅलिपरलाच केबलची आरी हवी, नाही तर डिस्कच्या पोटात हँडब्रेकपुरता छोटा ड्रम आणि शू असलेला प्रकार हवा. दोन्ही महाग पडतात, म्हणून गिऱ्हाईक नको म्हणते आणि आम्ही ऐकतो. दाबाचा हिशेबही असतो. ड्रममधला शू चाकाबरोबर फिरू पाहतो आणि स्वतःच जास्त आवळला जातो, त्यामुळे कमी दाबात काम भागते. डिस्कला तसे होत नाही. पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण जुळले नाही आणि मागची चाके आधी लॉक झाली, तर ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. ब्रेक दाबला की वजन पुढे जाते, थांबवण्याचे मोठे काम पुढची चाके करतात. 2020 ची थार आणि 2023 ची जिम्नी यांनाही मागे ड्रमच आहेत. यात कंपन्यांचे पैसे वाचतात हे खरे, पण केवळ त्यासाठीच ते ठेवलेले नाहीत.

कायदाही मला नंतर कळला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आम्ही बसवतो आणि भोगतो मालक. आरटीओ कार्यालयाला माझी विनंती आहे की 15 वर्षांनंतर नोंदणी वाढवायला येणारी प्रत्येक जिप्सी आणि जीप उतारावर उभी करून, ट्रान्स्फर न्यूट्रलला टाकून, नुसत्या हँडब्रेकवर थांबते का ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे. आणि सरकारने तपासून मान्यता दिलेले किट मागे बसवण्याची रीतसर वाट खुली करावी, म्हणजे चिखलात गाडी घालणाऱ्या शेतकऱ्याला माझ्यासारख्याच्या ब्रॅकेटवर जीव टांगावा लागणार नाही.

तीन गाड्यांपैकी दुसरीही मी बोलावून पूर्ववत केली. तिसरी दलालामार्फत विकली गेली, ती कोणाकडे आहे ते मला समजू शकलेले नाही. एमएच 13 ची गडद हिरवी जिप्सी, कापडी हूड, मागच्या दाराला लोखंडी कॅनचा स्टँड, मागच्या दोन्ही चाकांना डिस्क. हँडब्रेकचा दांडा जागेवर आहे, ओढला की कडकड वाजतो, पण खाली केबल जोडलेली नाही. ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी ती उतारावर लावू नये आणि आपल्या संपादकीय कार्यालयाशी संपर्क साधावा. माझा पत्ता आणि फोन तिथे दिला आहे. गाडी जिथे असेल तिथे येऊन मी माझ्या खर्चाने ड्रम परत बसवून देईन.

आपला,
एक गॅरेजचालक, सोलापूर
(कृपया नाव छापू नये.)