विमानाबद्दल फोनवर राहिलेलं सगळं

आई, बाबा,

बाबा, तुम्ही विचारलंत ना की कंपनी विमान चेक करून देते ना, त्याचं खरं उत्तर आहे नाही. कंपनी चेक करून देत नाही कारण कंपनी विमान देतच नाही, पत्रे देते. मोठमोठ्या लाकडी खोक्यांत कापलेले, वाकवलेले, भोकं पाडलेले अॅल्युमिनियमचे पत्रे, पिशव्या भरून रिव्हेट (पत्रे एकमेकांना कायमचे जोडायचे धातूचे खिळे) आणि बोल्ट, आणि एक जाडजूड मॅन्युअल. इंजिन वेगळं घ्यायचं, प्रोपेलर वेगळा, रेडिओ-मीटर वेगळे, आणि हे सगळं जोडायचं मी. फोनवर एवढं सांगितलं असतं तर आईने पुढचं ऐकलंच नसतं म्हणून लिहितेय. दोघं एकत्र बसून वाचा, आणि आई, मधलं सोडून शेवट आधी वाचू नकोस.

विमान आहे व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-९ए. दोन सीटचं, शेजारी शेजारी बसायचं, पंख खाली, पुढे एक चाक मागे दोन. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन म्हणून एक इंजिनिअर, त्यांनी आधी स्वतःसाठी विमान बांधलं, लोक प्लॅन मागायला लागले आणि १९७०च्या दशकात त्यातून कंपनी झाली. आजपर्यंत त्यांची ११,००० च्या वर विमानं माझ्यासारख्या लोकांनी बांधून उडवली आहेत, म्हणजे मी कुठला नवा शोध लावत नाहीये हे आधी डोक्यात घ्या. आणि त्यांच्या मॉडेलांपैकी ९ए मी मुद्दाम घेतलं, कारण ते कोलांट्या मारायचं विमान नाही. पंख लांब, त्यामुळे कमी स्पीडला पण हवेत टिकतं, पूर्ण वजन आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झुकणाऱ्या पट्ट्या) खाली असताना स्पीड ताशी साधारण ८० किलोमीटरपर्यंत उतरला तरी स्टॉल होत नाही, म्हणजे पंखांची उचल संपत नाही. उतरताना स्पीड कमी, आणि काही झालंच तर दणका पण कमी, सगळं गणित त्यातच आहे. इंजिन लायकमिंगचं, चार सिलिंडर, १६० हॉर्सपॉवर. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी देणाऱ्या दोन वेगळ्या मॅग्नेटो, एक गेली तर दुसरीवर चालतं, आणि मॅग्नेटोला बॅटरी लागतच नाही. बाबा, हे तुम्हाला आवडणार मला माहितीये.

आता आईची कल्पना अशी की मी शेडमध्ये रात्री एकटी ठोकाठोकी करत बसते. अगं, एकटीने हे होतच नाही. पंखाच्या पत्र्याचं रिव्हेटिंग घे. बाहेरून एक जण हवेवर चालणारी रिव्हेट गन धरतो आणि आतून दुसरा लोखंडाचा ठोकळा रिव्हेटच्या शेपटाला टेकवून धरतो, गन धडधडली की शेपूट चपटं होतं आणि पत्रा कायमचा बसतो. आतल्या माणसाचा हात खांद्यापर्यंत पंखात, मान वाकडी, तोंडाने "हं" म्हटलं की गन सुरू, "बास" म्हटलं की बंद. दोघांची लय जमली नाही तर पत्र्यावर पोचा. बरं आतल्याला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही आणि बाहेरच्याला दिसतं ते आतल्याला नाही, म्हणजे एकमेकांवर विश्वास ठेवण्याशिवाय पर्यायच नाही, तोंडदेखला नाही, खराच. चपटं झालेलं शेपूट रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि अर्ध्या जाडीइतकं उंच हवं, त्याला गेज असतं, गेज लावून बघायचं, नाही बसलं तर ड्रिल करून काढायचं आणि नवीन मारायचं. अशा हजारो रिव्हेट.

त्याच्या आधी पत्रे नुसते तात्पुरते धरून ठेवायला क्लेको म्हणून स्प्रिंगच्या पिना असतात, भोकाच्या मापाप्रमाणे वेगवेगळ्या रंगाच्या. आई, तू मशीन मारायच्या आधी कच्चा दोरा घालून बघतेस ना, सगळं नीट बसतंय का, तेच काम. जोडायचं, बघायचं, परत सगळं सुटं करायचं, प्रत्येक भोकाची धार घासून काढायची (धार राहिली की तिथूनच तडा सुरू होतो), मग परत जोडायचं आणि मग रिव्हेट. पत्र्यावर खूण करायला पेन्सिल चालत नाही बरं का, ग्राफाइटने अॅल्युमिनियम गंजतं, त्यामुळे शेडमध्ये कोणी पेन्सिल काढली की सगळे ओरडतात. मला हे असलं बारीकसारीक फार आवडतं, कंटाळा यायला पाहिजे खरं तर, पण येत नाही.

हे "सगळे" कोण ते सांगते. एक काका आहेत, पूर्वी एअरलाइनमध्ये मेकॅनिक होते. बोलत काही नाहीत, टॉर्च घेऊन येतात, खाली वाकून बघतात, आणि त्यांनी "हम्म" केलं की मी ते परत उघडते. एक डेंटिस्ट आहे, तो स्वतःचं विमान बांधतोय, तोंडात घालायचा तो छोटा आरसा घेऊन येतो आणि त्याने टाकीचे कोपरे बघतो, त्याच्याइतकं बारीक कोणी बघत नाही. एक नवरा-बायको आहेत, त्यांचं विमान कधीच पूर्ण झालं, उडतात, तरीपण सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या पंखात हात घालून बसलेले असतात. मी विचारलं कशाला येता, तर म्हणाले आमच्याकडे पण लोक आले होते. बास, एवढंच. पैशाचा विषय निघत नाही आणि काढायचाही नसतो, आणि याला नियमात पण कारण आहे.

अमेरिकेत एफएए म्हणजे विमान खातं, त्यांचा नियम असा की अशा विमानाचं निम्म्याहून जास्त काम हे हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी करणाऱ्या माणसांनी केलेलं पाहिजे. माणसांनी, एकाच माणसाने नाही. म्हणजे या मंडळींनी फुकट, स्वतःच्या आवडीने केलेलं काम त्या हिशोबात धरतात, पण पैसे देऊन कोणाकडून करून घेतलं तर ते धरत नाहीत. मला हे वाचून गंमत वाटली, सरकारी नियमात मदतीची जागा आहे आणि मजुरीची नाही. पुरावा म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदी ठेवायच्या असतात, म्हणून तुम्हाला माझ्या फोटोंत माझ्यापेक्षा बोल्टच जास्त दिसतात.

शिवाय ईएए म्हणून संस्था आहे, १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी सुरू केलेली, घरी विमान बांधणाऱ्या लोकांचीच. दरवर्षी जुलैच्या शेवटी अमेरिकेतल्या ऑशकॉश गावी त्यांची जत्रा भरते, १०,००० च्या वर विमानं त्या भागात येतात आणि तेवढ्या आठवड्यापुरता तिथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात बिझी असतो. पण माझ्या उपयोगाची गोष्ट जत्रा नाही, त्यांचे टेक्निकल कौन्सेलर. हे अनुभवी बिल्डर किंवा मेकॅनिक असतात आणि फुकट घरी येऊन काम बघतात, पत्रा बंद व्हायच्या आधी, कारण एकदा पत्रा बसला की आत काय आहे ते कोणाला दिसणार. माझ्याकडे जे येतात ते कौतुक करत नाहीत. सुरुवातीला मला राग यायचा, आता कौतुक करणाऱ्याचीच भीती वाटते. शेडमध्ये येऊन "वा, काय मस्त" म्हणणारे पुष्कळ असतात, फोटो काढतात, जातात, त्यांचा विमानाला काही उपयोग नाही.

पेट्रोलच्या टाक्या पंखातच असतात, पुढच्या कडेला, आणि त्यांचे सांधे सील करायला एक काळपट चिकट प्रकार असतो, त्याचा वास इतका घाण की विचारू नका. एकदा कालवला की ठरावीक वेळात संपवायचाच, घट्ट व्हायला लागतो, म्हणून त्या दिवशी सगळ्यांना बोलावलं, एक जण कालवतोय, एक जण भरतोय, एक जण रिव्हेट मारतोय, एक जण नुसता हातमोजे बदलून देतोय. मग टाकी बंद करून एका तोंडावर फुगा लावून किंचित हवा भरायची आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला तर लीक. फुगा ऊन-सावलीप्रमाणे आपोआप लहानमोठा होतो त्यामुळे नुसत्या फुग्यावर जायचं नसतं, हे पण मला त्या नवरा-बायकोंनीच सांगितलं, नाहीतर फुगा जरा मऊ पडला की बसले असते डोकं धरून.

प्रायमर म्हणजे आतून गंज रोखणारा रंग लावायचा की नाही यावर मात्र यांच्यात इतकी भांडणं होतात की मी त्यात पडत नाही. पत्र्यावर आधीच शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो गंजापासून वाचवतो, तर वरून रंगाचं वजन कशाला असं एक पार्टी म्हणते आणि दुसरी म्हणते आपल्या नातवंडांनी पण उडवायला पाहिजे. मी लावला. आई, तुझीच मुलगी.

आता जे तुम्ही विचारणार नाही पण मनात आहे ते. धोका आहे. फॅक्टरीत बनलेल्या छोट्या विमानांपेक्षा घरी बांधलेल्यांच्या अपघाताचं प्रमाण जास्त आहे, हे लपवून काय उपयोग, बाबा शोधून काढतीलच. अमेरिकेच्या अपघात तपास खात्याने २०१२ मध्ये यावर मोठा अभ्यास केला, त्यात दोन कारणं सगळ्यात पुढे होती, इंजिनची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं, आणि विमानाचे सुरुवातीचे तास जास्त धोक्याचे. म्हणजे लोकांना वाटतं तसे पंख तुटून पडत नाहीत. इंधनाची नवीन लाइन आणि नवीन विमानाची सवय नसलेला पायलट, तिथे गोष्टी बिघडतात, आणि त्या दोन्हींवर आधीच काम करता येतं.

इंधनाचं असं, की विमानाचं नाक चढतानाच्या कोनात वर करून प्रत्यक्ष मोजायचं, पंपाने टेकऑफला लागतं त्याच्या १२५ टक्के तरी इंधन येतंय का. बोल्टचं असं, की टॉर्क रेंचने (नेमका किती जोर लावला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळला की त्यावर रंगाची रेघ मारायची, रेघ नाही म्हणजे आवळलेला नाही, मग मी शपथ घेऊन सांगितलं तरी नाही. आणि कंट्रोल तपासायचे ते मी नाही, दुसऱ्याने. स्टिक डावीकडे केली की डाव्या पंखाचं एलेरॉन (विमान कलतं करणारी पंखाच्या टोकाकडची पट्टी) वर गेलं पाहिजे. हसू येईल पण उलटं जोडून उडालेली विमानं आहेत, कारण ज्याने जोडलं त्याला ते बरोबरच दिसतं. आमच्याकडे अंगठ्याची युक्ती आहे, स्टिक धरून अंगठा वर करायचा, स्टिक वळवली की अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचं एलेरॉन वर. मग विमान तीन वजनकाट्यांवर उभं करून वजन आणि त्याचा मध्य काढायचा, मग एफएएचा माणूस किंवा त्यांनी नेमलेला इन्स्पेक्टर येऊन कागद आणि विमान दोन्ही बघणार, आणि मग कुठे सर्टिफिकेट. त्यानंतर पण पहिले ४० तास टेस्टिंगचे (इंजिन-प्रोपेलरची सर्टिफाइड जोडी असेल तर २५), ठरवून दिलेल्या भागातच, दाट वस्तीवर नाही, पाहुणे बसवायचे नाहीत. दरवाज्याजवळ मोठ्या अक्षरात "एक्सपेरिमेंटल" लिहावं लागतं, आई, फोटोत दिसलं की लगेच फोन करू नकोस, सगळ्यांनाच लिहावं लागतं.

पूर्वी त्या तासांत एकट्यानेच उडावं लागायचं. २०१४ पासून काही अटींवर दुसरा पात्र पायलट शेजारी बसवता येतो. आमच्या ग्रुपमध्ये एक बाई आहेत, एअरलाइनमधून रिटायर झालेल्या, याच मॉडेलवर त्यांचा हात बसलेला आहे, पहिल्या उड्डाणाला त्या असणार. त्याआधी मी त्यांच्या विमानात शिकवणी घेतेय आणि त्या जोवर "चल" म्हणत नाहीत तोवर इंजिन कितीही छान चालू दे, मी जाणार नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तारीख ठरवायची नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत, केक आणायचा नाही, कारण माणसं जमली की नाही म्हणणं जड जातं. त्यामुळे मला पण विचारू नका कधी. झालं की सांगेन, आधी नाही. यावर आई रुसणार आहे, चालेल.

बाबा, आता तुमचं काम. वायरिंगचा नकाशा सोबत पाठवतेय. तुमचा सगळा जन्म पॅनेलमध्ये गेला, आणि इथल्या मंडळींपैकी पत्र्याचे जाणकार खूप आहेत, वायरिंगचे तितके नाहीत. मुख्य बस (जिथून सगळ्या सर्किटना वीज वाटली जाते ती पट्टी) कुठली, अल्टरनेटर गेला तर काय काय बंद करायचं, कुठल्या सर्किटला किती अँपिअरचा फ्यूज आणि त्याच्या मागची वायर तेवढी जाड आहे का, अर्थिंग सगळं एका जागी आणलंय ते बरोबर का, हे सगळं बघा. लाल पेन घ्या. तुम्ही हाताखालच्या पोरांचे नकाशे तपासायचात तसंच, मुलगी म्हणून एक पण वायर सोडू नका, आणि समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका, ते पण मला हवंय. आई, तू त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक वायरचा नंबर मोठ्याने वाच आणि ते बोट ठेवतील, एकट्याने तपासलं की डोळा पुढे उडी मारतो.

झालं की पानांचे फोटो पाठवा. वरून सरळ काढा बाबा, मागच्या वेळी अर्धं पान आणि तुमचा अंगठा आला होता.

तुमची,
मोठी