सायनाचा गुडघा आणि आपली कोर्टं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सायना नेहवालचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, 'लंडनचं पदक तिला नशिबानं मिळालं' आणि दुसरं, 'शेवटी शेवटी तिच्यात दम राहिला नाही'. दोन्हींच्या मुळाशी एकच अवयव आहे, गुडघा. क्रीडा पानांवर पदकांच्या याद्या छापून येतात, पण गुडघ्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मुलीला पहाटे साडेपाचला हॉलवर सोडणाऱ्या आईबापांना खरी गरज त्याचीच आहे, म्हणून हे पत्र.

4 ऑगस्ट 2012, वेम्बली अरेना. कांस्यपदकाच्या लढतीत चीनची वांग शिन पहिला गेम 21-18 जिंकली, दुसऱ्यात 1-0 ने पुढे गेली आणि गुडघा साथ देईना म्हणून तिनं सामना सोडला. बॅडमिंटनमधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक असं आलं. पुढे 27 जानेवारी 2019 ला जकार्तात इंडोनेशिया मास्टर्सची अंतिम लढत झाली. स्पेनची कॅरोलिना मारिन 10-4 ने पुढे असताना उडीनंतर उजव्या पायावर उतरली आणि तिथंच कोसळली. विजेतेपद सायनाला मिळालं. या दोन सामन्यांच्या मधोमध सायनाचा स्वतःचा गुडघा गेला. ऑगस्ट 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला सायना युक्रेनच्या मारिया उलितिनाकडून 18-21, 19-21 अशी गटातच हरली आणि त्याच महिन्यात मुंबईत तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. एप्रिल 2015 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर असलेली खेळाडू दीड वर्षाच्या आत ऑपरेशन टेबलवर होती. त्यानंतरही तिनं 2017 ला ग्लासगोत जागतिक कांस्य मिळवलं आणि 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सिंधूला 21-18, 23-21 असं हरवून सुवर्ण जिंकलं. 'दम राहिला नाही' म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहावेत. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजली आहे, संधिवात आहे, हे तिनं 2024 मध्ये स्वतःच जाहीरपणे सांगितलं.

आता हे नशीब की आणखी काही? थोडं नशीब आहेच. पण बाकीचा भाग कोर्टावर उघड दिसतो.

एकेरीचं कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 5.18 मीटर रुंद. खेळाडूच्या वाट्याला त्यातलं निम्मं येतं. वीस फटक्यांच्या रॅलीत दहा फटके तिचे, म्हणजे दहा वेळा पळायचं, थांबायचं आणि परत मध्यावर यायचं. दुखापत होते ती थांबताना. उजव्या हाताची मुलगी नेटजवळ हलकेच पडणारा ड्रॉप उचलायला जाते तेव्हा शेवटचं लांब पाऊल, म्हणजे लंज, उजव्या पायावर पडतो. त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते अडीचपट भार त्या एका पायावर येतो. गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा आणि कूर्चा झिजते ती इथं, वर्षानुवर्षं, आवाज न करता. सायनाचा खेळ लांब रॅलींचा. समोरची थकेपर्यंत प्रत्येक शटल परत टाकायचं, मग हाफ-स्मॅश, म्हणजे पूर्ण ताकद न लावता खाली मारलेला फटका. मनगटाच्या फसव्या फटक्यांवर झटपट गुण काढणाऱ्या खेळाडूपेक्षा असा खेळ पायांकडून जास्त किंमत वसूल करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी दुखापत एका झटक्यात होते. शटल मागच्या बॅकहँड कोपऱ्यात, म्हणजे उजव्या हाताच्या मुलीच्या डावीकडे, जातं. ती मागे सरकत, अंग डावीकडे झुकवून, डोक्यावरून वळसा घेत फटका मारते आणि हवेतून एकट्या डाव्या पायावर उतरते. गुडघा जवळपास सरळ असतो, आत कलतो, पाऊल जमिनीला घट्ट आणि अंग मात्र पुढे वळलेलं. गुडघ्याच्या आतलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटतं ते याच स्थितीत. डावखुऱ्या खेळाडूचं चित्र आरशातल्यासारखं उलटं. मारिन डावखुरी, म्हणून तिचा उजवा पाय. तिचा डावा गुडघा 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर गेला, आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात पहिला गेम जिंकून दुसऱ्यात 10-6 ने पुढे असताना पुन्हा उजवा. उड्या आणि वळणांच्या खेळांत ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना जास्त होते. वयात येताना उंची भराभर वाढते, ताकद मागून येते, तो काळ विशेष जपण्याचा.

जिल्ह्याच्या पातळीवर यातलं बरंच टाळता येतं, आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही.

लंज बघायचा तो समोरून, बाजूला उभं राहून नव्हे. टाच आधी टेकली पाहिजे. गुडघा आणि पायाचा अंगठा एकाच दिशेला हवेत. गुडघा अंगठ्याच्या रेषेच्या आत झुकला तर फटका कितीही सुंदर बसो, लंज चुकलाच. मागचा पाय अंगठ्याच्या आतल्या कडेवर घासत यायला हवा, तोच ब्रेक आहे. ज्या मुलीच्या मागच्या बुटाचं टोक आतल्या बाजूनं अजिबात झिजलेलं नाही, ती सगळा भार पुढच्या गुडघ्यावर थांबवते असं समजावं. महिन्यातून एकदा बूट उलटे करून पाहिले तरी एवढं कळतं.

उतरण्याचा सराव वेगळा करून घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे तोच होत नाही. वीस-तीस सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून एका पायावर उतरायचं, गुडघा वाकवून दोन-तीन सेकंद स्थिर राहायचं. प्रत्येक पायावर पाच वेळा, असे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. आधी समोर, मग बाजूला, मग रॅकेट हातात घेऊन मागे सरकत. तोल गेला तर उंची कमी करायची, आकडा वाढवायचा नाही. जोडीला मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे धरायचे आणि सरळ अंगानं सावकाश पुढे झुकायचं. हे स्नायू नडगीचं हाड पुढे सरकू देत नाहीत, म्हणजे एसीएलचं निम्मं काम हलकं करतात. पहिल्या आठवड्यात चार-पाचच करावेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुलगी जिना उतरू शकत नाही आणि व्यायाम कायमचा बंद होतो.

जमिनीबद्दलही बोललं पाहिजे. लाकडी, खालून लवचिक पट्ट्या असलेल्या फ्लोअरवर सिंथेटिक मॅट हा योग्य प्रकार. गावोगावच्या नव्या हॉलमध्ये मात्र मॅट थेट काँक्रीटवर किंवा कोटा फरशीवर अंथरलेली दिसते. वरून हिरवीगार, फोटोत अगदी आंतरराष्ट्रीय. पण काही मिलिमीटरची मॅट खालच्या दगडाचा धक्का कितीसा खाणार? अशा ठिकाणी उड्यांचा आणि मल्टी-शटलचा, म्हणजे एकामागून एक शटल टाकून घेतला जाणारा, सराव निम्म्यावर आणावा. पावसाळ्यात तर दमट हवेनं मॅटवर ओल धरते. दर दोन गेमनंतर कोरडं फडकं फिरवायला माणूस हवा, आणि मॅटच्या सांध्यावरची टेप सुटली असेल तर ती चिकटवल्याशिवाय त्या कोर्टवर खेळवू नये. पळण्याचे बूट घालून खेळणं बंदच करावं. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला थांबताना घोटा मुरगळतो. गम रबरच्या, सपाट सोलचे बॅडमिंटनचे बूटच हवेत.

आणि स्पर्धांचे दिवस! एकच चौदा वर्षांची मुलगी 15 आणि 17 वर्षांखालील एकेरी, शिवाय दुहेरी. दुपारपर्यंत पाच सामने. शेवटच्या सामन्यात ती हरते तेव्हा घरचे 'फोकस नव्हता' म्हणतात. फोकस होता, मांड्या संपल्या होत्या, आणि थकलेल्या मांड्या गुडघ्याला आत कलू देतात. आयोजकांनी दोन सामन्यांत किमान अर्ध्या तासाची विश्रांती पाळली आणि पालकांनी एका दिवसाला दोनच गटांत नाव दिलं, तर यातलं बरंच सुधारेल.

दुखापत झालीच तर काय? गुडघ्यात 'टक्' असा आवाज आला आणि दोन-चार तासांत सूज चढली, तर एसीएल गेलं असं धरून चालावं. तेल चोळणं, गरम शेक, हाडवैद्याकडून ओढून घेणं, यातलं काही नको. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पाय उंच, आणि अस्थिरोगतज्ज्ञ. सूज उतरली की मुलगी चालू लागते, म्हणून 'बरी झाली' असं वाटतं आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा कोर्टवर येते. एसीएल नसलेल्या गुडघ्यात पुढची वळणं मग दोन हाडांमधली गादीच (मेनिस्कस) फाडतात. शस्त्रक्रिया झाली तर स्पर्धेत परतायला किमान नऊ महिने धरावेत. मारिन 2019 मध्ये आठ महिन्यांत परतून चायना ओपन जिंकली, हे उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं. तिच्यामागे दिवसभर फिजिओ आणि ट्रेनर होते. शाळा सुटल्यावर रिक्षानं हॉलवर येणाऱ्या मुलीला तो हिशेब लावू नये.

2008 मध्ये पुण्यात बालेवाडीच्या कोर्टवर सायनानं जपानच्या सायाका सातोला 21-9, 21-18 असं हरवलं आणि जागतिक ज्युनियर विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. तेव्हापासून 'पुढची सायना' हे शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा स्पर्धेच्या बातमीत सापडतात. आपल्या क्रीडा प्रतिनिधींना एवढीच विनंती की अशा बातमीत निकालासोबत आणखी तीन गोष्टी छापाव्यात: कोर्टखाली लाकूड होतं की काँक्रीट, विजेती त्या दिवशी किती सामने खेळली, आणि हॉलमध्ये फिजिओ हजर होता की नाही.

आपला,
एक बॅडमिंटन प्रशिक्षक, सांगली