मनू, पियानोसोबत बसलीस का?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा मधेच फोन ठेवलास. बाबा म्हणाले, दोन दिवस थांब, पोरगी आपणहून फोन करेल. मला थांबवेना.

कार्यक्रमात वाजवायचंय त्याबद्दल ‘अ‍ॅकोले लहान मुलांचं आहे, सगळे हसतील’ म्हणालीस. काऊन हसतील? अ‍ॅकोलेनं लिहिलेला १८६८चा व्हायोलिन कॉन्सर्टो आहे तो. एकच मूव्हमेंट, पण त्यात सुरेल गाणंही आहे आणि बोटांची परीक्षाही. व्हायोलिनवादक इझाक पर्लमननी १९९९मध्ये आपल्या बालपणीच्या कॉन्सर्टोंची अख्खी सीडी काढली, त्यात रीडिंग आणि झाइट्झ यांच्या कॉन्सर्टोंसोबत हा अ‍ॅकोलेही आहे. एवढ्या मोठ्या माणसाला हे वाजवावंसं वाटलं. तुझ्या सरांनी विचार करूनच निवडलाय.

मला विचारायचं होतं ते वेगळंच. पियानोवाल्या बाईंसोबत किती वेळा बसलीस? सुरुवातीला बराच वेळ पियानो एकटाच वाजतो. तेवढा वेळ व्हायोलिन धरून मात्रा मोजत उभं राहायचं असतं, आणि तुला थांबणं कधी मानवलंच नाही. धरमपेठच्या घरी रीडिंगचा बी मायनर बसवायचीस, सगळा पहिल्या पोझिशनमधला, हात वर सरकवायचाच नाही, तरी शेवटच्या मूव्हमेंटला अशी सुटायचीस की नाना पेपर बाजूला ठेवून ऐकत बसायचे. मी कॅसिओवर तुझ्यामागे धावायचे. मी आई, म्हणून धावायचे. त्या बाई कशाला धावतील?

घरी पियानोचं पान उघडून वाच. आपल्या पानावर पेन्सिलीनं त्यांचे सूर लिहून ठेव, म्हणजे कुठे शिरायचं ते कळेल. स्टेजवर तारा जुळवायचा ‘ए’ सूर पियानोकडूनच घे, मोबाइलवरून नको. मेट्रोनोम लाव. रोज लाव. गजाला रोझिन कमी लाव...

बघ, सुरू झालं माझं. माफ कर. तुला हे सगळं सर सांगतच असतील.

खुंट्यांचं मात्र ऐक. आपल्याकडे नागपूरला मे महिन्यात लाकूड सुकून खुंट्या सुटायच्या, तार ढिली पडायची. मुंबईच्या पावसात उलट होईल, फुगून अडकतील. जोर लावू नकोस, सरांना दाखव.

त्या वर्षीचा विवाल्डी आठवतो? मधेच लाइट गेली, माझा कीबोर्ड मुका झाला, आणि तू अंधारात एकटीनं शेवटपर्यंत वाजवलंस. मावशी रडली. मलाही इतका अभिमान वाटला की घरी येईपर्यंत बोलता आलं नाही. पण तेव्हापासूनच भीतीही आहे गं. तुला वाटतं, साथ नसली तरी चालतं. त्या दिवशी चाललं, कारण दुसरा इलाजच नव्हता. आता बाई तिथे बसलेल्या असणार, आणि त्यांच्या हातातला अर्धा कॉन्सर्टो तू ऐकलाच नाहीस तर लोकांना तरी कसा ऐकू येईल?

हॉस्टेलवरही तू एकटीच जेवतेस, असं मावशी म्हणाली. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

शनिवारी अर्धा तास देतात का, विचार बाईंना. पैसे लागले तर मला सांग. कार्यक्रमाला मी विदर्भ एक्सप्रेसनं येतेय, बाबांना सुट्टी नाही.

तुझी,
आई

ता. क. बसलीस की मेसेजमध्ये नुसतं ‘बसले’ लिही. पुढे काही विचारणार नाही.