शारोत्स: अक्रोडाची माळ, द्राक्षाचा चीक

पुणे, 4 मार्च

प्रिय अनिल,

शारोत्सबद्दलचं तुझं पत्र आणि फोटो मिळाले. अक्रोडाच्या माळा द्राक्षरस आणि मैद्याच्या चिकात बुडवून वाळवायच्या, अशी ही आर्मेनियन मिठाई. पाचपैकी तीन माळांवरचा थर घसरून ताटात पडला आणि उरलेल्या दोन्हींवर चौथ्या दिवशी बुरशी धरली, हे वाचून वाईट वाटलं. पण सोडू नकोस. नाशिकची द्राक्षं आणि मार्चची कोरडी हवा हाताशी असताना शारोत्स जमायलाच हवं.

थर का घसरला, ते फोटोतच दिसतंय. अक्रोड ओले आहेत. सुई जाताना गर फुटू नये म्हणून अर्धे तुकडे कोमट पाण्यात तासभर भिजवायचे, हे तू बरोबर केलंस; पण ओवल्यावर माळा रात्रभर पंख्याखाली टांगायला हव्या होत्या. ओल्या सालीला चीक धरत नाही, आणि धरला तरी आतली ओल कोंडते. तुझी बुरशी तिथूनच आली. आर्मेनियात शारोत्स शरद ऋतूत करतात, तेव्हा नवा अक्रोड मुळातच मऊ असतो. आपल्याकडचा साठवणीचा असतो, म्हणून भिजवणं आणि वाळवणं दोन्ही आलं.

दोरा जाड सुती घे, 60 सेंटिमीटरचा. खालच्या टोकाला काडेपेटीच्या काडीचा गूल नसलेला तुकडा बांध, म्हणजे माळ निसटत नाही. सुई तुकड्याच्या बरोबर मध्यातून घाल. 25 ते 30 तुकडे पुरेत. त्याहून जास्त ओवलेस तर बुडवलेली माळ वजनाने ताणते आणि तुकड्यांमध्ये फटी पडतात. वर टांगायला 15 सेंटिमीटर दोरा मोकळा ठेव.

आता रस. तू वापरलेली द्राक्षं हिरवी आहेत. तिकडे आर्मेनियात ऑगस्टच्या मध्याला चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात, आणि जुन्या रीतीप्रमाणे त्याआधी नवं द्राक्ष तोंडात घालत नाहीत. शारोत्सचा रस त्यानंतरच्या, पुरत्या पिकलेल्या द्राक्षांचा. तूही मण्यावर पिवळसर झाक आलेलीच निवड, नाहीतर आटल्यावर गोडीपेक्षा आंबटपणा जास्त जाणवेल. 3 लिटर रस फडक्यातून गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव, वरची निवळ घे, तळाचा गाळ टाकून दे. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर 2 लिटर होईपर्यंत आटव. गुऱ्हाळात काढतात तशी मळी सतत काढत राहा. ती राहिली की थर गढूळ दिसतो. साखर अजिबात नको. शेवटच्या दहा मिनिटांत एक दालचिनीची कांडी, चार लवंगा आणि तीन वेलदोडे पुरचुंडीत बांधून सोड. शेजारच्या जॉर्जियातला चुर्चखेला, म्हणजे तिथली अशीच माळ, बहुधा बिनमसाल्याचा असतो. आर्मेनियन माळ ओळखू येते ती या वासावरून.

या 2 लिटरला 220 ग्रॅम मैदा. रसातला अर्धा लिटर काढून पूर्ण गार कर, त्यात मैदा कालव, गाळ, आणि मगच धार धरून गरम रसात ओत. गरम रसात कोरडं पीठ टाकलंस तर गुठळ्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. कॉर्नफ्लोअरच्या वाटेला जाऊ नकोस, त्याचा चीक गार झाल्यावर पाणी सोडतो. मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं हात न थांबवता ढवळ. कुरडईचा चीक शिजल्यावर कशी चकाकी येते आणि कच्चा वास जातो, अगदी तीच खूण इथे. उलथन्यावरून सलग जाड पट्टा पडला की उतरव.

चीक गरम असतानाच बुडव. माळ वरच्या टोकाला धरून सरळ खाली सोड, चमच्याने वरचे तुकडेही झाक, सावकाश उचल आणि ठिबकणं थांबेपर्यंत पातेल्यावरच धर. फटी भरल्या नाहीत तरी पहिल्या दिवशी दुसरा हात देऊ नकोस. सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांग. बोटाला चिकटेनासा झाला की दुसऱ्या दिवशी दुसरा थर, तिसऱ्या दिवशी तिसरा. उरलेला चीक फ्रिजमध्ये ठेव आणि दरवेळी थोडं पाणी घालून मंद आचेवर पुन्हा सैल कर. उन्हात टांगू नकोस: वरून कातडं धरतं, आत ओलंच राहतं. एकूण दहा-बारा दिवस लागतील. दाबल्यावर चामड्यासारखी चिवट पण लवचिक लागली, की झाली.

मग सुती कापडात गुंडाळून ठेव. काही आठवड्यांनी वर पांढरी भुकटी येईल. ती द्राक्षाची साखर असते, बुरशी समजून फेकू नकोस. बुरशी केसाळ, हिरवट असते आणि तिला कुबट वास येतो.

दिवाळीआधी येरेवानला जाशील तेव्हा तयार माळाही आण. तेव्हा हंगाम असतो. विकत घेताना शारोत्स हाच शब्द वापर ('शार' म्हणजे ओळ, माळ). या माळेला सुजुखही म्हणतात, पण नुसतं सुजुख म्हणालास तर गोमांसाचा मसालेदार सॉसेज पुढे येईल. माळ वाकवून बघ. कडक मोडणारी जुनी असते.

कापण्याआधी दोरा खालच्या काडीकडून ओढून काढ, मग सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या कर. पुढच्या खेपेचे फोटो पाठव, कापलेल्या चकतीचा तर नक्की.

तुझा,
विनायक