टर्बोआधी पेट्रोलचा हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहा-पंधरा वर्षांच्या आलिशान पेट्रोल सेडान जुन्या बाजारात आवाक्यातल्या किमतीला मिळतात, आणि त्यांना बाहेरून टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) बसवून देणारेही भेटतात. त्यांच्या जाहिरातीत हॉर्सपॉवरचा आकडा ठळक असतो. तो कोणत्या दाबावर, कोणत्या पेट्रोलवर आणि कोणत्या इंजेक्टरवर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागावर) आला, हे मात्र लिहिलेले नसते. वाहनविषयक पानांवर तोच आकडा जसाच्या तसा छापला जातो, म्हणून हे पत्र.

टर्बो नसलेल्या इंजिनात आणि कंपनीनेच टर्बो दिलेल्या इंजिनात फरक किती असतो, हे टोयोटाच्या टू-जेझेड घराण्यात नीट दिसते. दोन्ही इंजिने तीन लिटरची, सहा सिलिंडरांची. बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 86 मिमी. अमेरिकेत विकल्या गेलेल्या लेक्सस आयएस 300 मध्ये यातले बिनटर्बोचे जीई इंजिन होते, त्याचे कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) 10.5. सुप्रातल्या टर्बोच्या जीटीई इंजिनाचे 8.5. शिवाय जीटीईमध्ये पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा मारणारे जेट दिले होते. म्हणजे टर्बो लावायचा तर पिस्टन बदलायचे, त्यांना थंड ठेवायचे आणि पेट्रोलही वाढवायचे, हे खुद्द कंपनीने ठरवले होते. तेच जीई इंजिन न उघडता टर्बो लावणारे हौशी अमेरिकेत आहेत. ज्यांची इंजिने टिकतात, ते दाब कमी ठेवतात आणि आधी पेट्रोलचा हिशेब मांडतात.

तो हिशेब असा. तीन लिटरचे इंजिन 6000 फेऱ्यांना मिनिटाला साधारण सव्वानऊ किलो हवा ओढते. हिशेबापुरता अर्धा बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) दिला आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) चांगला असला, तर तीच हवा तेरा किलोवर जाते. पूर्ण लोडवर मिश्रण लॅम्डा 0.8 ला ठेवायचे (लॅम्डा 1 म्हणजे हवा-पेट्रोल नेमके, त्याखाली पेट्रोल जास्त), म्हणजे एक किलो पेट्रोलला 11.8 किलो हवा. त्या मानाने मिनिटाला 1.1 किलो पेट्रोल लागते. सहा इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी सुमारे 250 सीसी. इंजेक्टर 80 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवू नये, म्हणून तो 310 सीसीचा तरी हवा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला वजनाने आठ-नऊ टक्के इंधन जास्त लागते, म्हणजे 335. अशा गाड्यांचे मूळ इंजेक्टर साधारण 300 ते 350 सीसीचे असतात. हाताशी काहीच उरत नाही. निदान 440 सीसीचे इंजेक्टर आणि मोठा पंप हवाच. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि ओ-रिंगाही इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात.

याहून जास्त घात करणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच सेडानमध्ये प्रेशर रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला मॅनिफोल्डचा (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब कळत नाही. रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) 3 बार आणि मॅनिफोल्डमध्ये अर्धा बार बूस्ट, म्हणजे इंजेक्टरच्या दोन टोकांत फरक उरतो 2.5 बारचा, आणि पेट्रोल नऊ टक्के कमी पडते. जास्त हवे असते नेमके तेव्हाच कमी. मिश्रण पातळ होते, इंजिन ठोकते (नॉक: मिश्रण अवेळी आपोआप पेटते), पिस्टनच्या रिंगांमधला कडा तुटतो. गिऱ्हाइकाला सांगितले जाते की पिस्टनच खराब होता. मॅनिफोल्डच्या दाबावर चालणारा रेग्युलेटर आणि टाकीकडे परतीची नळी लावली, तर हा दोष मुळातच राहत नाही.

आता उष्णता. 35 अंशांची हवा अर्धा बार दाबली की 90 अंशांच्या घरात जाते. चंद्रपूरच्या मे महिन्यात 45 अंशांची हवा शंभरी गाठते. इंटरकूलर नसलेले किट आपल्याकडे विकूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहाच्या पुढच्या कॉम्प्रेशनवर, इंजिन न उघडता, 0.4 बारच्या वर जाऊ नये, आणि पेट्रोल 95 ऑक्टेनच्या खालचे भरू नये. इग्निशनची (ठिणगीची) वेळ दर 0.07 बारला एक अंश मागे घेऊन सुरुवात करावी, मग डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नॉक ऐकत पुढे सरकावे. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप 1.1 ऐवजी 0.7 मिमी. इथे एक चूक हमखास होते: एनजीके कंपनीच्या प्लगचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम. इंजिन उघडलेच तर 86 मिमी बोअरला वरच्या रिंगची फट 0.35 ऐवजी 0.43 मिमी ठेवावी. नाहीतर तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनच फुटतो.

टर्बोतून निळा धूर आला की सील गेले म्हणून टर्बो बदलतात. बहुतेक वेळा दोष परतीच्या नळीचा असतो. तेल टर्बोतून फेसाळ होऊन, निव्वळ उतारावर खाली येते. म्हणून नळी आतून निदान 16 मिमी, कुठेही खोलगट नाही, आणि ऑइल चेंबरला तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. पातळीखाली जोडली की तेल तुंबते आणि सीलमधून बाहेर पडते. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेलाच्या आवक वाटेवर सुमारे 1 मिमीचा रिस्ट्रिक्टर (तेल आवरणारे बारीक छिद्र) लागतो. साध्या बुश बेअरिंगला तोच लावला तर बेअरिंग कोरडे पडते.

पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत ओढणाऱ्या) नळीत एकेरी व्हॉल्व्ह नसेल, तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरून ऑइलची पट्टी वर उडते. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत ब्लो-ऑफची (थ्रॉटल सोडल्यावर उरलेल्या दाबाची) हवा बाहेर न सोडता परत नळीत घ्यावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वेगळा कूलर द्यावा. आणि या सगळ्याच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट: सिलिंडरांतल्या दाबांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर काम तिथेच थांबवावे.

कायद्याबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितले. कलम 182अ (4) खाली मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी किटला मान्यतेची ठरलेली वाट आहे. बाहेरून लावलेला टर्बो त्या वाटेने येत नाही. 'पीयूसी मिळाली' हा युक्तिवादही खरा नव्हे, कारण पीयूसीत इंजिनावर लोड नसतो आणि बूस्ट तयारच होत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो, तो वेगळाच. अशी गाडी ट्रेलरवर घालून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या रेसिंग ट्रॅकवर न्यावी, सार्वजनिक रस्त्यावर नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे अशा गाडीची हॉर्सपॉवर छापाल तेव्हा बूस्टचा दाब, पेट्रोलचा ऑक्टेन, इंजेक्टरचे माप आणि पूर्ण लोडवरचा लॅम्डा हे चार आकडे शेजारी छापावेत. गॅरेजवाल्याने ते दिले नाहीत, तर तसेही छापावे.

आपले नम्र,
पेट्रोल इंजिनाचे काम करणारे दोन मेकॅनिक, पुणे